पुरुषाचे अपत्यहीनत्व आणि मराठी शब्द

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातील माझा एक मामेभाऊ तपासणीचा इंग्रजी कागद घेऊन नाशिकला माझ्याकडे आला. त्याच्या विवाहास सहा वर्षे पूर्ण झाली होती आणि मूल नव्हते. ह्या सहा वर्षांत त्याच्या पत्नीच्या तपासण्या तीन ठिकाणी झाल्या होत्या, औषधे झाली होती, त्र्यंबकेश्वरी उभयतांनी बसून तीन दिवसांचा विधीही झाला होता. नवऱ्याची तपासणी मात्र सातव्या वर्षी प्रथमच झाली, आणि तीही एका डॉक्टरने आग्रह धरला म्हणून. कागदावर महत्त्वाचा शब्द एकच होता : ‘अ‍ॅझूस्पर्मिया’. वीर्यात शुक्राणू आढळले नाहीत असा ह्याचा अर्थ आहे, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हंजे मी नामर्दात निघालो का, दादा?”

ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते मी दिलेही. परंतु ‘नामर्द नव्हे, तर मग कोण?’ ह्याचे उत्तर देण्यास मला शब्द सापडेना. भाषाशास्त्र शिकविणे हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला आपल्या मातृभाषेत, आपल्याच माणसाची शारीरिक स्थिती सांगण्यासाठी एक निरुपद्रवी शब्द न सापडावा, ही गोष्ट मला बोचत राहिली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या बोचणीत आहे. अपत्यप्राप्ती, अपत्यनियमन आणि अपत्यसंगोपन ह्या तीन व्यवहारांत पुरुषाचा जो भाग असतो त्याला मराठीने कोणते शब्द दिले, कोणते दिले नाहीत, आणि न दिलेल्या शब्दांची किंमत कोणी मोजली, एवढाच ह्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ‘वांझ’ हा शब्द घेऊ. संस्कृतातील ‘वन्ध्य’ हे विशेषण तिन्ही लिंगी चालते. निष्फळ ठरलेला यत्न, फळ न धरणारा वृक्ष आणि अपत्यहीन स्त्री ह्या सर्वांना ते सारखेच लागते. प्राकृतातून येताना त्याचे मराठीत ‘वांझ’ झाले. मराठीतही झाड, जमीन, गाय, म्हैस वांझ असू शकते. चर्चा ‘वांझोटी’ असते आणि वाद ‘वांझोटा’ असतो. म्हणजे पुल्लिंगी रूप होण्यास व्याकरणाची काहीच अडचण नाही. तथापि माणसाविषयी बोलताना हे विशेषण केवळ स्त्रीला लागते. ‘वांझोटा माणूस’ असे कोणी म्हणालेच, तर ऐकणाराच्या मनात त्या माणसाच्या बुद्धीचा किंवा उद्योगाचा विचार येईल. त्याच्या अपत्यांचा येणार नाही. जी मर्यादा व्याकरणाने घातली नाही ती समाजाने घातली. आपल्या तत्त्वज्ञांनीसुद्धा सर्वस्वी अशक्य वस्तूचे उदाहरण म्हणून ‘वंध्यापुत्र’ निवडला. अपत्यहीन पुरुषाचा पुत्रही तर्कदृष्ट्या तितकाच अशक्य आहे, पण त्याचा दृष्टांत कोणास सुचला नाही.

पुरुषासाठी भाषेत जो प्रतिष्ठित शब्द आहे तो ‘निपुत्रिक’. ह्या दोन शब्दांची तुलना उद्बोधक आहे. ‘वांझ’ हा शब्द शरीराविषयी विधान करतो. ‘निपुत्रिक’ हा वारशाविषयी. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती आणि १८५३ मध्ये नागपूरचे भोसले औरस पुत्राविना वारले, तेव्हा इतिहासकारांनी त्यांना निपुत्रिक म्हटले आणि प्रश्न उभा राहिला तो राज्याचा. त्यांच्या शरीरात काही उणे होते काय, अशी शंका त्या शब्दातून सूचितही होत नाही. पाच कन्यांचा पितादेखील निपुत्रिकच, ह्यावरून ह्या शब्दाला जननक्षमतेशी कर्तव्य नाही हे स्पष्ट होते. ‘निर्वंश’, ‘विनापत्य’ हे शब्दही त्याच कुळातले. ते दप्तरात आणि सातबाऱ्याच्या फेरफारात शोभतात. एकाच घरातील एकाच अभावाबद्दल नवऱ्याला मिळकतीचा शब्द मिळाला आणि बायकोला देहाचा. पहिला शब्द ऐकून लोक हळहळतात. दुसरा ऐकून डोहाळजेवणाचे निमंत्रण कोणाला द्यावयाचे नाही हे ठरते.

आता पुरुषाच्या देहाविषयी मराठीत शब्दच नाहीत काय? आहेत, परंतु ते सर्व एकाच ठिकाणी बोट ठेवतात. षंढ, नपुंसक, क्लीब हे ग्रंथांतले, आणि नामर्द हा फारसीतून आलेला व आज खेडोपाडी रुळलेला. हे सर्व शब्द समागमाच्या असमर्थतेचे आहेत. शिवाय त्यांतला प्रत्येक शब्द भित्रेपणाचाही वाचक आहे. त्यामुळे तो वैद्यकीय वर्णन राहत नाही, शिवी होतो. समागमास समर्थ असलेल्या, परंतु ज्याच्या वीर्यात बीज नाही अशा पुरुषाला बोलीत स्वतंत्र नाव नाही. म्हणून तो नामर्दांच्या रांगेत ढकलला जातो, किंवा त्याचे अस्तित्वच मानले जात नाही. दुसरा पर्याय नवऱ्याच्या अधिक सोयीचा असल्यामुळे बहुधा तोच पत्करला जातो.

हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे मात्र कोणी समजू नये. नारदस्मृतीत विवाहापूर्वी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा करावी असे सांगितले आहे, षंढांचे चौदा प्रकार मानले आहेत, आणि स्त्री हे क्षेत्र असल्यामुळे ते बीज असणाऱ्यालाच द्यावे, अबीज पुरुष त्यास पात्र नाही, अशा अर्थाचे स्पष्ट वचन आहे. चरकाने शुक्राचे आठ दोष गणले आहेत. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चारही गोष्टी जुळून याव्या लागतात असे म्हटले आहे. म्हणजे अपत्य न होण्याचे कारण पुरुषाकडे असू शकते हा विचार परंपरेस परका नाही. परंतु व्यवहारात टिकले ते मनूचे गणित : वंध्या पत्नी आठव्या वर्षी, मुले न जगणारी दहाव्या वर्षी, केवळ कन्या प्रसवणारी अकराव्या वर्षी बाजूस सारून दुसरा विवाह करण्यास त्याने अनुमती दिली. अकरा वर्षांची ही मोजदाद जिने भोगावयाची तिचा पक्ष सांगणारा शब्द लोकभाषेत उतरला नाही. ‘अबीज’ हा शब्द पोथीतच राहिला.

आधुनिक शरीरशास्त्राने ह्या प्रश्नाची मांडणी बदलली आहे. १६७७ मध्ये डच संशोधक लेवेनहूक ह्याने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले; सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज फोन बेअर ह्याला दिसले ते १८२७ मध्ये; आणि दोहोंच्या केंद्रांचे मीलन होते हे ऑस्कर हर्टविग ह्याने १८७६ मध्ये सागरी प्राण्याच्या अंड्यात दाखविले. ह्या शोधांनंतर मराठीत ‘स्त्रीबीज’ हा शब्द रूढ झाला. शाळेतील मुलगी तो आज सहज उच्चारते. पण त्या तीन अक्षरांनी बीज आणि क्षेत्र ह्यांचे जुने रूपक मोडून टाकले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्याला शेत म्हणत होतो त्याच्याही ठिकाणी बीज आहे, हे त्या शब्दाने मान्य केले. उरलेला अर्धा भाग, म्हणजे बीज म्हणविणाऱ्याच्या ठिकाणी बीज नसू शकते हा, बोलीत अद्याप उतरावयाचा आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की अपत्य न होणाऱ्या दांपत्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे सहा प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. म्हणजे हा काही विरळा प्रकार नव्हे. शुक्राणू वृषणांत तयार होतात आणि त्या क्रियेस सुमारे अडीच महिने लागतात. ते बाहेर येण्याची वाट वेगळी असून वीर्याचा बहुतेक द्रवभाग इतर ग्रंथींतून येतो. म्हणूनच वीर्य दिसावयास नेहमीसारखे असूनही त्यात शुक्राणू मुळीच नसणे शक्य असते. पौरुष देणारा अंतःस्राव वृषणांतूनच निघतो, पण तो परस्पर रक्तात मिसळतो. दाढी, आवाज, बळ, समागमाचे सामर्थ्य ही सर्व जशीच्या तशी असून शुक्राणू नाहीत, अशी स्थिती ह्यामुळे संभवते आणि ती सामान्य आहे. कधी शुक्राणू तयारच होत नाहीत, कधी तयार होऊनही वाट बंद असते. दुसऱ्या प्रकारात ते वृषणातून काढून घेता येतात, आणि १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची जी रीत ब्रुसेल्स येथून जगभर गेली तिच्यामुळे अशा पुरुषासही औरस अपत्य होणे शक्य झाले आहे. पहिल्या प्रकारातही काही जणांच्या वृषणांत शोधल्यावर थोडे शुक्राणू सापडतात. हे सर्व कळण्याचा आरंभ ज्या तपासणीने होतो ती अल्पखर्चाची आहे. तिच्यात शस्त्र नाही, वेदना नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा, आणि निकाल प्रतिकूल आला तर काही आठवड्यांनी पुन्हा द्यावयाचा, कारण मध्यंतरी आलेल्या तापानेही आकडा खाली जातो. स्त्रीच्या तपासण्या ह्याच्या कितीतरी पट खर्चाच्या आणि त्रासाच्या असतात. तरीही क्रम उलटा लागतो. ह्याचे कारण अज्ञान हे आहेच, परंतु केवळ अज्ञान नव्हे. जी तपासणी ‘नामर्द’ हा एकच शब्द हाती देण्याची शक्यता आहे, तिच्या दारात पुरुष पाऊल टाकीत नाही.

नाशिक जिल्ह्यात ह्या संदर्भात दोन गोष्टी जवळजवळ पाहावयास मिळतात, आणि दोन्हींचा अर्थ लावण्यासारखा आहे. पहिली त्र्यंबकेश्वराची. तेथे नारायणबळी आणि नागबळी हा विधी संतानेच्छेने करण्यास दूरदूरचे लोक येतात. तीन दिवसांच्या ह्या विधीत यजमान नवरा असतो, पिठाच्या प्रतिमेवर अंत्यसंस्कार होतात, आणि दोष मानला जातो तो त्याच्या पितरांच्या अतृप्तीचा किंवा कुळात कोणाकडून घडलेल्या सर्पहत्येचा. विधी फलदायी आहे की नाही हा माझा प्रांत नव्हे. पण त्याचे ‘व्याकरण’ पाहा : अपत्यहीनतेचे कारण येथे नवऱ्याच्या बाजूस शोधले जाते आणि प्रायश्चित्त त्याच्याच हातून होते. जे घर त्र्यंबकास जाऊन आपल्या कुळाचा दोष तीन दिवस मान्य करते, तेच घर गावी परतल्यावर चौथ्या दिवशी सुनेला वांझ म्हणते. कुळाचा दोष मान्य होतो, कारण तो मृतांचा असतो. जिवंत पुरुषाच्या देहापाशी येताच विचार थांबतो.

दुसरी गोष्ट कांद्याची. निफाड, येवला, चांदवड ह्या भागांत कांद्याच्या बियाण्यास ‘उळे’ म्हणतात. टाकलेले उळे उगवले नाही तर शेतकरी प्रथम कोणाला दोष देतो? जमिनीला नव्हे. ‘बी खोटे निघाले’ असे तो म्हणतो, पिशवी आणि पावती जपून ठेवतो, कृषी खात्याकडे तक्रार करतो. त्याच जमिनीत गेल्या वर्षी पीक आले होते, तेव्हा बियाणे तपासा, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड असतो. आपल्या पूर्वजांनी स्त्रीला क्षेत्र म्हटले ते म्हटले, पण शेतकरी क्षेत्राबाबत वापरतो ती न्यायबुद्धी तरी त्या रूपकाबरोबर घरात यावयास हवी होती. रूपक आले आणि न्याय बांधावरच राहिला.

मामेभावाच्या प्रश्नावर ह्याच वाटेने मला उत्तर सापडले, आणि ते माझ्यापेक्षा त्यालाच अधिक सापडले. घरी वडिलांना दाखविता येईल असे मराठीत काही लिहून दे, असे तो म्हणाला. मी लिहिले : ‘पौरुषात काही उणे नाही. वीर्यात शुक्राणू आढळले नाहीत. कारण शोधण्यासाठी आणखी तपासणी करावयाची आहे.’ त्याने ते दोनदा वाचले, ‘शुक्राणू’ हा शब्द खोडला आणि त्यावर ‘बी’ असे लिहिले. माझे मामा जन्मभर कांदा लावीत आलेले. त्यांनी कागद वाचून घेतला आणि एवढेच विचारले, “दुसऱ्या ठिकाणी तपासून पाह्यलं का?” बियाण्याविषयी त्यांनी हाच प्रश्न केला असता. त्या घरात पुढे ‘वांझ’ हा शब्द उच्चारला गेला नाही. आजवर उच्चारला तो चुकला, असेही कोणी सुनेला सांगितले नाही. त्या दांपत्याने नंतर काय केले हे सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे, माझा नव्हे.

दवाखान्यांच्या पाट्यांवर आता ‘पुरुष वंध्यत्व’ असा जोडशब्द दिसतो. तो चुकीचा नाही. संस्कृत ‘वन्ध्य’ पुरुषास लावता येतो हे वर सांगितलेच. पण हा शब्द पाटीवरून ओसरीवर येण्याची चिन्हे मला दिसत नाहीत, कारण मराठी कानाला ‘वंध्यत्व’ म्हटले की बाईच आठवते. ‘शुक्राणुहीनता’ हा अचूक आहे, परंतु जड आहे. माझ्या भावाने दुरुस्त केलेल्या वाक्यातला ‘बी’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या ढोबळ असला तरी त्यात शिवी नाही, हा त्याचा मोठाच गुण होय.

अपत्य होऊ न देण्याच्या बाबतीत तर शब्दांचा इतिहास अधिकच विचित्र आहे. १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. ज्यांना नाव घेणे म्हणजे अश्लीलता समजली जात होती अशा गोष्टींना त्यांनी साधी नावे दिली. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मांडली. ‘संततिनियमन’ ह्या शब्दात नियमन कोणी करावयाचे हे उघड ठेवले आहे. स्त्री आणि पुरुष दोघेही त्याचे कर्ते होऊ शकतात. पुढे ‘कुटुंबनियोजन’ आला आणि त्यातही कर्ता अनिश्चितच राहिला. ‘नसबंदी’ मात्र निराळा.

१९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळात हा शब्द घरोघर पोचला. १९७६–७७ ह्या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवर होत्या. सक्तीचे कायदे करण्यात महाराष्ट्र पुढे होता. १९७६ मध्ये विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले, परंतु त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. भीती मात्र कायम राहिली. ‘बंदी’ ह्या शब्दाला आधीच तुरुंगाचा वास. त्यात शेतकरी समाजाला ह्या शस्त्रक्रियेशी जुळणारा जो एकच अनुभव ठाऊक होता तो म्हणजे बैल खच्ची करणे. ‘खच्ची’ हा मूळचा अरबी शब्द आपण बैलाला लावतो, आणि ‘मनाने खच्ची होणे’ असे म्हणून माणसालाही लावतो. नसबंदी म्हणजे खच्ची होणे, ही समजूत ह्या शेजारातून दृढ झाली. वस्तुतः दोन क्रियांत काही साम्य नाही. खच्ची करताना वृषण निकामी केले जातात. नसबंदीत शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद होतात. वृषण शाबूत राहतात, पौरुषाचा स्राव पूर्ववत रक्तात जातो, कष्टाच्या कामासही बाध येत नाही. फक्त परिणाम लगेच होत नाही. सुमारे तीन महिन्यांनी वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते. ही शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी जोखमीची आहे. असे असता २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आढळल्या. पतीने करून घेतली असे प्रमाण ०.३ टक्का. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे. आमच्या भागात ‘तिचं ऑपरेशन झालं’ एवढे वाक्य पुरते. कशाचे, हे विचारावे लागत नाही.

मूल झाल्यानंतरची भाषा पाहिली तर पुरुष हळूहळू दूर उभा राहिलेला दिसतो. मराठीत ‘तिला मुलगा झाला’ तसेच ‘त्याला मुलगा झाला’ असेही म्हणतात; येथपर्यंत दोघे समान. परंतु डोहाळे, पोटुशी, बाळंतीण, बाळंतविडा, बाळंतकाढा ह्या समृद्ध शब्दसमूहात पुरुषाची अवस्था दर्शविणारा एकही शब्द नाही. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे बाप आपले मूल पुष्कळदा बारशालाच पाहत असे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणे हे तरुण बापास लाजिरवाणे वाटे. ह्याचा एक भाषिक पुरावा फार बोलका आहे. कित्येक घरांत मुले बापाला ‘दादा’, ‘भाऊ’, ‘अण्णा’, ‘काका’ म्हणत. घरातली इतर मंडळी ज्या नावाने त्याला हाक मारीत तेच मुलेही उचलीत, कारण हे नाव टाकून माझ्या नात्याने मला हाक मार असे शिकविण्याइतका तो त्यांच्या वाट्यास येत नसे. ‘वडील’ हा शब्द तरी काय सांगतो? मुळात तो ‘वयाने मोठा’ एवढेच सांगणारे विशेषण आहे.

क्रियापदे पाहा. न्हाऊ घालणे, भरविणे, निजविणे, थोपटणे, जोजविणे ह्यांचा अनुक्त कर्ता आई असतो. पोसणे, शिकविणे, मार्गी लावणे, उजविणे ह्यांचा बाप. तो मुलाला निजवू लागला तर आपण त्याला ‘बायकोला मदत करतो’ असे म्हणतो. मदत ही दुसऱ्याच्या कामात होते. स्वतःच्या कामास मदत म्हणत नाहीत. येथे मालिनोव्स्कीने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेले ट्रोब्रियंड बेटांचे वर्णन आठवते. त्या लोकांत गर्भाशी बापाचा काही शारीर संबंध मानीत नसत, आणि तरीही तान्ह्याला अंगाखांद्यावर खेळविणे, स्वच्छ करणे, भरविणे हे बापाचे काम समजले जाई. तेथे बीज नव्हते, पण मांडी होती. आपल्याकडील व्यवस्था नेमकी ह्याच्या उलट. आणि तरी संस्कृत-मराठीत ‘जनक’ आणि ‘पिता’ हा भेद करण्याची सोय आहे. दत्तकाच्या कागदांत ‘जनक पिता’ असा शब्दप्रयोग पूर्वापार चालत आला आहे. जनक नसलेला माणूस पिता होऊ शकतो, हे दत्तकविधानाने शतकानुशतके मानले, मात्र ते बहुशः मिळकतीसाठी.

सरकारी भाषेत अलीकडे काही हालचाल दिसते. केंद्र सरकारी नोकराला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची ‘पितृत्व रजा’ मिळते. स्त्रीची रजा ‘प्रसूती’ ह्या घटनेची, पुरुषाची ‘पितृत्व’ ह्या पदवीची, हा फरक नावातच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा दिली ती स्त्री कर्मचाऱ्यांना, आणि पुरुषांपैकी प्रामुख्याने ज्याची पत्नी हयात नाही अशाला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदांत प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे आणि नंतर आडनाव लिहावे, असेही शासनाने ठरविले आहे. मधले नाव म्हणजे बापाचे नाव, हा मराठी नावाचा सांगाडा त्यामुळे प्रथमच हलला.

परंतु मला सर्वांत मोठा बदल वाटतो तो एका सर्वनामाचा, आणि त्यासाठी कोणताही आदेश निघाला नव्हता. आमच्या पिढीत आई ‘तू’ होती आणि वडील ‘तुम्ही’ होते. हा नियम इतका दृढ होता की त्यास अपवाद केल्याचे मला माझ्या बालपणातले स्मरत नाही. आज नाशिक शहरात माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी ‘बाबा, तू कधी येणार?’ असे बोलतात. खेड्यातून आलेले विद्यार्थी घरी ‘तुम्ही’ म्हणतात आणि वसतिगृहातून दूरध्वनीवर बोलताना इतरांच्या देखत अडखळतात. एका विद्यार्थ्याने सांगितले की त्याची धाकटी बहीण वडिलांना ‘तू’ म्हणते आणि तो स्वतः ‘तुम्ही’. दोघांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात वडिलांची नोकरी रात्रपाळीची झाल्यामुळे दिवसा मुलीला शाळेसाठी तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. एका घरावरून नियम बांधता येत नाही. तरी असे कुटुंब आणखी कोठे आढळल्यास, तसेच बीजहीन पुरुषासाठी आपल्या बोलीत शिवी नसलेला एखादा शब्द प्रचारात असल्यास, गाव व तालुका नमूद करून वाचकांनी तो विभागाकडे अवश्य कळवावा. पेठ, सुरगाणा आणि कळवण ह्या तालुक्यांतील कोकणा व भिल्ल बोलींविषयीची माहिती विशेष हवी आहे.